बोर्डावरची लाइन : कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेची ओळख

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांतील लोकांना जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. तरीही सातपुड्याच्या रांगांत, थेट नर्मदेच्या काठापर्यंत विखुरलेल्या पाड्यांवरून नंदुरबारच्या कार्यालयात येऊन परत जायचे म्हणजे आजही अख्खा दिवस खर्ची पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. अशा जिल्ह्यात वनहक्काचा दावा कोणत्या टप्प्यावर आहे, आश्रमशाळेतील प्रवेशाची यादी लागली का, निराधार योजनेचे अनुदान का थांबले, असल्या साध्या प्रश्नासाठी केलेला एक फोन नेमक्या टेबलापर्यंत पोचला, तर एका माणसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे वाचते. तो नुसताच वाजत राहिला किंवा मध्येच तुटला, तर दोन्ही जातात. कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेच्या सोयींची माहिती सहसा कार्यालयात बसणाऱ्याच्या बाजूने दिली जाते आणि विक्रेत्यांची माहितीपत्रकेही तशीच लिहिलेली असतात. या लेखात त्या सोयींकडे बाहेरून फोन करणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे, कारण यंत्रणा कशासाठी आहे हे त्याच बाजूने स्पष्ट दिसते.

मध्यम आकाराच्या कोणत्याही कार्यालयात तीस-चाळीस टेबलांवर फोन असतात, पण बाहेरून आलेल्या लाइन चार-पाचच असतात. या दोहोंच्या मध्ये राहून कोणत्या क्षणी कोणते टेबल कोणत्या लाइनला जोडायचे हे ठरवणाऱ्या यंत्राला ‘इलेक्ट्रॉनिक प्रायव्हेट ऑटोमॅटिक ब्रँच एक्स्चेंज’, म्हणजेच ईपीएबीएक्स, म्हणतात. कार्यालयांत त्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणण्याचा प्रघात आहे. टेबलावरच्या प्रत्येक फोनला बोर्डाने दिलेला दोन किंवा तीन अंकी क्रमांक म्हणजे ‘एक्स्टेंशन’, आणि दूरध्वनी केंद्राकडून बोर्डापर्यंत आलेली लाइन म्हणजे ‘ट्रंक’. एका एक्स्टेंशनवरून दुसऱ्या एक्स्टेंशनला केलेला फोन इमारतीच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे त्याला ना पैसे पडतात ना ट्रंक अडते. बाहेर बोलायचे असेल तर आधी शून्य किंवा नऊ दाबून बोर्डाकडे मोकळी ट्रंक मागावी लागते.

मधल्या जागी कोण बसले आहे यावर फोन करणाऱ्याचे नशीब अवलंबून असते, ही गोष्ट दूरध्वनीइतकीच जुनी आहे. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची केंद्रे सुरू झाली, तेव्हा प्रत्येक जोडणी ऑपरेटरला हाताने करावी लागे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या ॲल्मन स्ट्रोजर याचा असा ग्रह झाला होता की, त्याच्याकडे येणारे फोन केंद्रातूनच प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातात, असे सांगतात. त्याने १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या स्वयंचलित केंद्रात फोन करणाराच आपली जोडणी ठरवू लागला. भारतात कार्यालयीन बोर्डांचा प्रसार झाला तो १९८४ नंतर. त्या वर्षी ग्राहकाच्या जागेत बसवायची दूरध्वनी साधने बनवण्याची मुभा खासगी उद्योगांना मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १२८ जोडण्यांचे जे छोटे केंद्र विकसित केले, त्याचे एक रूप कार्यालयांसाठी होते, तर दुसरे रूप १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ग्रामीण स्वयंचलित केंद्र म्हणून सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय उन्हाळ्यात आणि धुळीत चालेल असे यंत्र बनवणे हे त्या आरेखनाचे मोठे यश होते, आणि खानदेशासारख्या उष्ण मुलखात त्याचे मोल अधिक होते. नंदुरबार जिल्हा झाला तोवर बोर्ड ही नवलाईची वस्तू राहिलेली नव्हती. आज कार्यालयांत बडोद्याच्या मॅट्रिक्ससारख्या भारतीय कंपन्यांचे बोर्ड सर्रास दिसतात.

बोर्डाच्या बऱ्याच सोयी समजायला एक छोटीशी तांत्रिक गोष्ट माहीत असावी लागते. साध्या फोनकडे तांब्याच्या दोनच तारा जातात. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना त्यांच्यातून प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह सुरू होतो आणि त्यावरून कोणीतरी फोन उचलला आहे हे बोर्डाला कळते, मग ते डायल टोन देते. घंटी वाजवण्यासाठी त्याच तारांवरून सुमारे ७५ व्होल्टचा आणि सेकंदाला २५ आवर्तने पूर्ण करणारा प्रत्यावर्ती प्रवाह पाठवला जातो. बटण दाबल्यावर ऐकू येणारा आवाज हा दोन वेगवेगळ्या सुरांचा एकत्रित आवाज असतो आणि त्या जोडीवरून बोर्ड अंक ओळखते. आता बोलणे चालू असताना बोर्डाला एखादी आज्ञा द्यायची असेल, तर प्रवाह सुमारे अर्धा सेकंद तोडून पुन्हा जोडावा लागतो. यालाच ‘फ्लॅश’ म्हणतात. प्रवाह त्याहून अधिक वेळ तुटला तर रिसीव्हर खाली ठेवला असे समजून बोर्ड लाइन सोडून देते. ‘साहेबांकडे देतो’ असे सांगितल्यावर फोन कट होण्याचा अनुभव ज्या असंख्य लोकांनी घेतला आहे, त्यामागे बहुतेक वेळा कोणाचा वाईट हेतू नसतो. फोन ठेवण्याच्या जागेवरचे बटण बोटाने जरा जास्त वेळ दाबले गेलेले असते. बहुतेक फोनवर ‘फ्लॅश’ किंवा ‘आर’ असे लिहिलेले स्वतंत्र बटण असते आणि ते दाबले की प्रवाह नेमका हवा तेवढाच वेळ तुटतो. हे बटण कशासाठी आहे एवढे जरी प्रत्येक टेबलावरच्या माणसाला सांगितले, तरी तुटणाऱ्या फोनांपैकी मोठा हिस्सा वाचेल.

फोन दुसऱ्याकडे देण्याच्या रीतीही दोन आहेत. पहिल्या रीतीत फ्लॅश देऊन दुसऱ्याचे एक्स्टेंशन लावायचे आणि तो उचलेपर्यंत न थांबता रिसीव्हर ठेवून द्यायचा. दुसऱ्या रीतीत तो उचलेपर्यंत थांबून ‘मोलगीहून फोन आहे, पुरवठ्याचे काम आहे’ असे सांगून मग लाइन द्यायची. पहिल्या रीतीत कारकुनाचे अर्धे मिनिट वाचते, पण पलीकडे टेबल रिकामे असेल तर फोन करणाऱ्याचा फोन रिकाम्या खोलीत वाजत राहतो, आणि कोणी उचललाच तर त्याला आपली सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. ज्याची मातृभाषा पावरी किंवा मावची आहे आणि जो मराठी शब्द जुळवून बोलतो आहे, त्याच्यासाठी ही पुनरुक्ती फार जड जाते. चांगल्या बोर्डात ‘रिकॉल’ ही सोय असते, म्हणजे ठरावीक सेकंदांत पलीकडे कोणी फोन उचलला नाही तर तो पहिल्या टेबलाकडे किंवा ऑपरेटरकडे आपोआप परत येतो. ती सुरू करून घेणे हे तंत्रज्ञाचे पाच मिनिटांचे काम आहे.

शेजारच्या रिकाम्या टेबलावर वाजणारा फोन उठून न जाता आपल्याच फोनवरून एक छोटा संकेतांक लावून घेता येतो; या सोयीला ‘पिकअप’ म्हणतात. एका शाखेतील सगळे फोन एका पिकअप गटात टाकले, तर शाखेत एक माणूस हजर असेपर्यंत त्या शाखेचा कोणताही फोन अनुत्तरित राहण्याचे कारण उरत नाही. ‘फॉरवर्ड’ या सोयीने आपला फोन दुसऱ्या एक्स्टेंशनकडे नेहमीसाठी, व्यग्र असताना किंवा उचलला न गेल्यास, अशा तीन प्रकारे वळवता येतो. दौऱ्यावर असलेले अधिकारी तो आपल्या मोबाइलवर वळवतात, तेव्हा एक बाब विसरली जाते: बाहेरून आलेला फोन एका ट्रंकवरून आत येतो आणि मोबाइलकडे जाण्यासाठी दुसरी ट्रंक अडवतो, म्हणून चार ट्रंक असलेल्या कार्यालयात दोन अधिकाऱ्यांनी अशी सोय वापरली की एखाद्या वेळी सगळे कार्यालयच बाहेरच्यांसाठी व्यग्र होऊन बसते.

ट्रंक किती हव्यात, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर डेन्मार्कच्या आग्नर क्रारूप अर्लांग या गणितज्ञाने शोधले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करताना त्याने १९०९ आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले विवेचन आजही जगभर वापरले जाते. एखाद्या कार्यालयात सर्वाधिक गर्दीच्या तासात ४० फोन येतात आणि प्रत्येक बोलणे सरासरी ३ मिनिटे चालते असे धरले, तर त्या तासात एकूण १२० मिनिटांचे बोलणे होते, म्हणजे दोन लाइन तासभर सतत भरून जातील इतके. या मापाला २ अर्लांग म्हणतात. बोलणे दोन लाइनपुरते आहे म्हणून दोनच लाइन घेतल्या तर चालेल, असे कोणालाही वाटेल. पण फोन रांगेने येत नाहीत, ते कधी एकदम येतात आणि कधी येतच नाहीत. म्हणून अर्लांगच्या सूत्रानुसार दोन लाइन असताना शंभरातील ४० जणांना लाइन व्यग्र मिळते. तीन लाइन असतील तर २१ जणांना, चार असतील तर नऊ-दहा जणांना, पाच असतील तर चारांहून कमी जणांना आणि सहा असतील तर जेमतेम एकाला परत फिरावे लागते. शिवाय व्यग्र लाइन मिळालेला माणूस लगेच पुन्हा फोन लावतो आणि कार्यालयातून बाहेर जाणारे फोनही याच लाइन वापरतात, हे लक्षात घेता प्रत्यक्ष परिस्थिती सूत्राहून वाईटच असते. ‘फोन लागतच नाही’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा कर्मचाऱ्यांच्या वागणुकीत शोधले जाते, आणि खरी उणीव मात्र एका लाइनची असते.

लाइन पुरेशा असूनही लोकांना एकच क्रमांक पाठ असतो, हे त्यापुढचे दुखणे. नंदुरबारचा ०२५६४ हा संकेतांक आणि त्यापुढचे सहा अंक भिंतीवर, पाटीवर, अर्जाच्या नमुन्यावर छापलेले असतात, आणि बाकीच्या लाइनींचे क्रमांक कोणालाच ठाऊक नसतात. यावर ‘हंटिंग’ हा उपाय आहे: मुख्य क्रमांक व्यग्र असेल तर त्याच गटातील पुढची मोकळी लाइन शोधून फोन तिच्यावर दिला जातो. ही सोय बोर्डात नव्हे, तर दूरध्वनी केंद्रात करावी लागते आणि त्यासाठी लेखी मागणी द्यावी लागते. ती न दिल्यामुळे पैसे भरलेल्या तीन लाइन मोकळ्या आणि मुख्य क्रमांक दिवसभर व्यग्र, अशी अवस्था होऊ शकते. मोठ्या कार्यालयांत अनेक तांब्याच्या लाइनींऐवजी एकच पीआरआय लाइन घेतली जाते, जिच्यावर एका वेळी ३० संभाषणे चालतात आणि प्रत्येक महत्त्वाच्या टेबलाला बाहेरून थेट लावता येईल असा स्वतंत्र क्रमांकही देता येतो.

बाहेर जाणाऱ्या फोनांवर मर्यादा घालणे ही बोर्डाची जुनी आणि कार्यालयप्रमुखांची आवडती सोय आहे. कोणत्या एक्स्टेंशनवरून फक्त आत बोलता येईल, कोणत्यावरून स्थानिक आणि कोणत्यावरून एस.टी.डी., अशी वर्गवारी बोर्डात भरता येते. एस.टी.डी. क्रमांक शून्याने सुरू होतात, म्हणून पूर्वी तंत्रज्ञ सरसकट शून्यच बंद करून ठेवत. परंतु १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करतानाही आधी शून्य लावणे देशभर आवश्यक झाले, आणि ज्या बोर्डांतील जुनी बंदी तशीच राहिली तेथे लिपिकांना अर्जदाराच्या मोबाइलवर उलट फोन करणेच अशक्य होऊन बसते. एस.टी.डी.चे दर जबर होते त्या काळातील ही काटकसर आता निरर्थक आहे, आणि ती काढून टाकायला हवी.

याहून गंभीर बाब आपत्कालीन क्रमांकांची आहे. लहान बोर्डांत एक्स्टेंशनचे क्रमांक १०१ पासून पुढे देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. मग १०८ हा क्रमांक एखाद्या अभिलेख कक्षाचा असतो आणि ११२ भांडाराचा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, ११२ हा पोलीस व अन्य तातडीच्या मदतीचा आहे, आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा. अशा बोर्डावरून घाबरलेल्या माणसाने १०८ दाबले तर रुग्णवाहिकेऐवजी कुलूपबंद खोलीतील फोन वाजतो. एक्स्टेंशनचे क्रमांक २ किंवा ३ पासून सुरू केले आणि आपत्कालीन क्रमांक कोणत्याही फोनवरून, शून्य न लावता, थेट लागतील अशी तजवीज केली, की हा धोका संपतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातील मार्शल या गावी डिसेंबर २०१३ मध्ये एका हॉटेलात कॅरी हंट हिच्यावर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ हा क्रमांक चार वेळा लावला, परंतु हॉटेलच्या बोर्डाला बाहेरची लाइन मिळण्यासाठी आधी नऊ लावावा लागत होता आणि ते त्या मुलीला माहीत नव्हते. कॅरी वाचली नाही. तिच्या वडिलांनी चालवलेल्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये ‘कॅरीचा कायदा’ संमत झाला आणि बोर्डावरच्या फोनवरूनही ९११ थेट लागलेच पाहिजे असे तेथे बंधन आले. आश्रमशाळा, वसतिगृहे, ग्रामीण रुग्णालये आणि धर्मशाळा यांनी तसल्या कायद्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही, कारण ही दुरुस्ती करायला एक रुपयाचेही साहित्य लागत नाही.

‘नमस्कार, आपले स्वागत आहे’ असे म्हणून पर्याय वाचणारा ध्वनिमुद्रित आवाज आता बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बोर्डाच्या भाषेत त्याला ‘ऑटो अटेंडंट’ म्हणतात. मोठ्या शहरांतील कंपन्यांच्या अनुभवामुळे या सोयीची बदनामी झाली आहे आणि ती बरीचशी रास्तही आहे. तथापि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तिचा असा एक उपयोग आहे, ज्याकडे जवळजवळ लक्षच गेलेले नाही. या जिल्ह्यात मराठीबरोबर अहिराणी व गुजरी बोलली जाते, नवापूरच्या बाजूला मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली, तर अक्राणीत पावरी आणि नोयरी या बोली घराघरांत आहेत. या बोलींमधून कार्यालयांची पाटी किंवा अर्जाचा नमुना क्वचितच छापला जातो, आणि छापला तरी वाचता न येणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. बोर्डाला मात्र लिपी लागत नाही. एखाद्या शिक्षिकेकडून किंवा आशा कार्यकर्तीकडून पावरीत चार वाक्ये बोलून घेऊन ती बोर्डात भरली, की अक्राणीतल्या धडगावच्या बाजारातून फोन करणाऱ्या म्हातारीला पहिले वाक्य तरी तिच्या स्वतःच्या भाषेत ऐकू येईल, आणि पलीकडे आपल्यासाठी कोणीतरी आहे ही खात्री त्या एका वाक्याने जितकी पटते तितकी कोणत्याही जाहिरातीने पटत नाही.

अर्थात हे करताना काही पथ्ये पाळावी लागतात. पर्याय तीनांहून अधिक असू नयेत. कामाचे नाव आधी आणि अंक नंतर सांगावा, म्हणजे ‘रेशनसाठी दोन दाबा’, कारण ‘दोन दाबा’ हे आधी ऐकलेला माणूस काम ऐकेपर्यंत अंक विसरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहीच न दाबता जो थांबून राहील त्याला दहा सेकंदांत जिवंत माणसाकडे नेले पाहिजे. टचस्क्रीनच्या मोबाइलवर बोलणे सुरू झाले की अंकांची पाटी दिसेनाशी होते आणि ती पुन्हा कशी आणायची हे अनेकांना ठाऊक नसते. त्या माणसाला ‘आपण चुकीचा पर्याय निवडला आहे’ असे ऐकवून फोन तोडणे हा अन्याय आहे. कार्यालय बंद झाल्यावरची ‘नाइट सर्व्हिस’ हीदेखील अशीच सोय आहे: सायंकाळनंतर येणारे फोन बंद खोल्यांत न वाजता पहारेकऱ्याच्या फोनवर जातील असे ठरवून देता येते, आणि पावसाळ्यात नदीकाठच्या गावांतून रात्री येणाऱ्या फोनच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बोर्ड प्रत्येक फोनची नोंद ठेवू शकते: कोणत्या क्रमांकावरून आला, किती वाजता आला, कोणी उचलला, किती वेळ चालला. ही नोंद पूर्वी बिल तपासण्यासाठी आणि कोण जास्त बोलतो हे पकडण्यासाठी वापरली जाई, त्यामुळे कर्मचाऱ्यांना तिचा राग असतो. वस्तुतः त्या नोंदीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे न उचललेल्या फोनांची यादी. येणाऱ्या फोनचा क्रमांक दाखवण्याची सोय दूरध्वनी कंपनीकडून लाइनवर घेतलेली असेल, तर रोज दुपारी ही यादी काढून त्या क्रमांकांवर एका लिपिकाने उलट फोन करणे शक्य असते, आणि ज्यांच्या मोबाइलला टेकडीवर किंवा विशिष्ट झाडाखाली उभे राहिल्याशिवाय रेंज मिळत नाही अशा लोकांच्या बाबतीत दोन-तीन वेळा प्रयत्न करण्याची तयारीही ठेवावी लागते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी दिले गेले. जेथे प्रत्येक माणसाला क्रमांक देण्याची सुरुवात झाली, तेथे त्याने केलेल्या आणि कोणी न उचललेल्या फोनची दखल घेतली जावी, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.

चालू संभाषणात शिरून ते ऐकण्याची ‘बार्ज-इन’ ही सोय आणि ध्वनिमुद्रण यांबाबत मात्र सावधगिरी हवी. मुद्रण करायचे असेल तर तसे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण अत्याचाराची किंवा लाचेची तक्रार करणारा माणूस आपला आवाज कोठे साठवला जातो हे जाणण्याचा अधिकारी आहे. बाहेरून फोन करून संकेतांक दिला की बोर्डामार्फत पुन्हा बाहेर बोलता येते, अशी एक सोय बोर्डात असते. ती वापरात नसेल तर बंदच ठेवावी, कारण कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक कोणी बदलला नाही तर भामटे त्याच वाटेने परदेशी फोन करतात आणि बिल कार्यालयाच्या नावावर येते.

नंदुरबारच्या हवामानात बोर्डाचे आयुष्य विजेवर ठरते, आणि दोन्ही अर्थांनी. वळवाच्या पावसात तांब्याच्या तारेवरून आलेला विजेचा लोट बोर्डाचे कार्ड क्षणात जाळतो; त्याला अडवण्यासाठी ट्रंक जेथे इमारतीत शिरतात तेथील जोडणी-चौकटीवर विजेचा जादा दाब जमिनीत सोडणारे संरक्षक बसवावे लागतात आणि त्यांना चांगले अर्थिंग द्यावे लागते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की संरक्षक असूनही नसल्यासारखेच होतात. वीजपुरवठा गेला तर बोर्ड बॅटरीवर चालते, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती बदलण्याचे सहसा लक्षात राहत नाही. यावर जुन्या आरेखनात एक सुंदर तोड आहे: बोर्ड पूर्ण बंद पडले की आतील एक स्विच आपोआप पडून पहिली ट्रंक ठरावीक फोनला थेट जोडली जाते, आणि तांब्याच्या लाइनला वीज दूरध्वनी केंद्रातून मिळत असल्यामुळे अंधारातही तो एक फोन चालू राहतो. फायबरच्या जोडणीत ही सोय उरत नाही, कारण काचेच्या तंतूतून वीज येत नाही आणि भिंतीवरच्या पेटीला स्थानिक वीज लागते. म्हणून तांब्याची लाइन काढून फायबर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने त्या पेटीसाठी स्वतंत्र बॅटरीची मागणी त्याच पत्रात करणे आवश्यक आहे.

फायबरमुळे मिळणाऱ्या शक्यता मात्र मोठ्या आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर केले की ६४ किलोबिटचा प्रवाह तयार होतो, आणि संगणकीय जाळ्यावरून पाठवण्यासाठी लागणारी वेष्टने धरूनही एका संभाषणाला एका दिशेने सुमारे ९० किलोबिट पुरतात. म्हणजे दहा संभाषणे एक मेगाबिटच्या आत बसतात. अशा जोडणीवर धडगाव, तळोदा आणि नंदुरबार येथील कार्यालयांतील फोन एकाच बोर्डाची एक्स्टेंशन होऊ शकतात, आणि तालुक्याला आलेला फोन अर्जदाराला दुसरा क्रमांक लावायला न सांगता थेट जिल्ह्याच्या टेबलावर देता येतो. ॲस्टेरिस्क ही मार्क स्पेन्सर याने १९९९ मध्ये लिहिलेली मुक्त संगणकप्रणाली साध्या संगणकाचेही बोर्ड बनवते आणि तिला परवान्याचे शुल्क लागत नाही. जेथे तार तुटलेली आणि फायबर पोचलेले नाही, तेथे बोर्डाच्या एका कप्प्यात मोबाइलचे सिमकार्ड घालून आणि छतावर अँटेना लावून ट्रंक म्हणून वापरता येते.

नवे बोर्ड विकत घेण्याआधी असलेल्या बोर्डाची पुरती ओळख करून घेणे स्वस्तही आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरेसेही. देखभालीचा वार्षिक करार असलेला तंत्रज्ञ येतो तेव्हा बंद पडलेला फोन दुरुस्त करून सही घेऊन जातो. त्याच भेटीत त्याच्याकडून एक्स्टेंशनची अद्ययावत यादी, पिकअप गट, रिकॉल, नाइट सर्व्हिस आणि आपत्कालीन क्रमांक यांची मांडणी लिहून घेतली पाहिजे, कारण बदल्यांमुळे माणसे जातात आणि बोर्डाची माहिती त्यांच्याबरोबर जाते. कार्यालयप्रमुखांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, त्यांनी महिन्यातून एकदा आपल्याच कार्यालयाचा छापील क्रमांक बाहेरच्या मोबाइलवरून, आपले पद न सांगता, सकाळी साडेअकराला लावून पाहावा, पुरवठा शाखा मागावी आणि ती मिळायला किती वेळ लागला हे स्वतः नोंदवून ठेवावे.